दुधाबरोबरची गोळी

काशीला मी पहिल्यांदा नीट पाहिले ते चिखलोलीत, भावना या माझ्या विद्यार्थिनीच्या हळदीत. काशी धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन विधी करवून घेणारी बाई. तांदळाच्या पिठाने ती चौक घालत होती, तोंडाने गाणे चालू होते आणि मध्येच मान वळवून भावनाच्या आईवर ओरडत होती, "अगो, नारल कुठं ठेवलास? तुज्या डोक्यावं?" रेघ मात्र तसूभरही हलली नाही. मी आयुष्यभर भूमिती आणि विज्ञान शिकवले. फळ्यावर माझी रेघ कधी इतकी सरळ आली नाही.

दोन वर्षांपूर्वी तिची सून मीनल तिला बदलापूरला माझ्या घरी घेऊन आली. मीनलही माझीच विद्यार्थिनी. काशीचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता. पाच महिने गोळ्या चालू होत्या, पण गुण फारसा नव्हता. नात जिज्ञासाचे लग्न दीड महिन्यावर आले होते.

"नातीचा चौक दुसरी कोन घालील, तं मी मांडवान पाय ठेवनार नाय," काशी म्हणाली.

"मंग बसा घरी," मीनल म्हणाली. "नवरी रडल तिकरं."

मी काशीला आजार समजावून सांगितला. मेंदूतल्या एका पेशीतून एक रसायन सुटते, मधल्या बारीक फटीतल्या पाण्यात आपोआप पसरते आणि पलीकडच्या पेशीला निरोप देते. हे रसायन बनवणाऱ्या पेशीच कमी झाल्या, की हात ऐकत नाही. गोळीतून त्या रसायनाचा कच्चा माल मिळतो.

"आपोआप पसरतं?" काशी म्हणाली. तिचे माहेर मिठागरवाल्यांचे. "म्हंजे खाऱ्या पान्यान गोडं पानी मिललं का पसरतं, तसा. कोन ढवलत नाय."

"अगदी तसंच. गोळी कशाबरोबर घेता?"

"दुधासंगतीन. गरम परतं ना औषध."

"डॉक्टरांनी जेवणाआधी सांगितली होती ना?"

"आधीच घेतं. दूध म्हंजे काय जेवन हाय?"

दुधातली प्रथिने आणि ही गोळी आतड्यातून एकाच वाटेने रक्तात जातात. वाटेत गर्दी झाली की औषध मेंदूपर्यंत कमी पोचते. दुसऱ्याच दिवशी मीनलने डॉक्टरांना दुधाचे सांगितले. त्यांनी मात्रा न वाढवता दूध तेवढे बंद केले आणि गोळी नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याआधी तासभर घ्यायला लावली.

जिज्ञासाचा चौक काशीनेच घातला. एक बाजू जरा वाकडी गेली. तिने ती पुसली नाही, बघणाऱ्या बायकांना म्हणाली, "बगता काय? धवला गावा!"

आजार आता थोडा पुढे गेला आहे. काशी वर्षाला पाच-सहाच लग्ने घेते, आणि चौक त्या बेताने ठेवता यावा म्हणून तिच्या गोळीची वेळ मीनल नवरीच्या आईला आधीच सांगून ठेवते.