कुंदाताईंची सही

कुंदाताई कोणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या. बैठकीत बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. माठापाशी उभ्या राहून म्हणायच्या, "पाणी द्या आधी. तुमच्याच पेल्यात." घटाघटा प्यायच्या, पदरानं तोंड पुसायच्या आणि मग सांगायच्या, "आता चहाला नाही म्हणते. दुधाचा आहे म्हणून नाही म्हणते, दुसरं काही मनात नाही." नवीन माणसाला वाटायचं, बाईचं डोकं जरा फिरलेलं दिसतं. पण या सवयीमागे आमच्या विहारातली एक फजिती होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर झालेली आहे.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे बौद्ध. सासरे रेल्वेत लागले म्हणून रायपूरला आलो, आमचे हे उरला या कारखान्यांच्या वसाहतीत रोलिंग मिलमध्ये होते. आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, उरल्याला लागूनच. सकाळी वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी राखाडी होऊन मिळतं, असा तो भाग. कुंदाताई शहरातल्या तेलीबांध्याच्या, वीज कार्यालयातून निवृत्त झालेल्या. घराणं मराठ्यांच्या राज्यापासून इथलं. ट्रकखाली पाय सापडलेल्या एका कुत्र्यासाठी त्या पहिल्यांदा आमच्या पाऱ्यात आल्या. भर उन्हात रस्त्यावर बसून त्यांनी त्याचा पाय बांधला, तो चावला तरी सोडला नाही. मला बाई आवडली. मी त्यांना बुद्धपौर्णिमेला विहारात बोलावलं.

आता बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे काय असतं? खीर. बुद्धांना खीर देणाऱ्या सुजातेची आठवण म्हणून. माझ्या नणंदेनं द्रोण पुढे केला आणि कुंदाताईंनी दोन्ही हात मागे घेतले. "मी नाही घेत हे."

नणंद म्हणाली, "काहून ताई? आमच्या हातची चालत नाही का?"

कुंदाताईंचे कान लाल झाले. त्या गाईचं, वासराचं सांगायला लागल्या, आणि जितकं सांगत गेल्या तितक्या रुतत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "बुद्धांनीच तर प्राण्यांवर दया शिकवली ना?" मागून एक म्हातारा बोलला, "घ्या. आता आमाले बुद्धही हेच शिकवतील." लोक हसले. मी पदर तोंडावर घेतला. माझ्या आजोबांकडून गावानं मेलेली ढोरं ओढवून घेतली आणि तेच ढोर खाल्लं म्हणून नाक मुरडलं. आमच्या हातचं कोणी नाकारलं की आम्ही कारण विचारत नाही. कारण आम्हाला पाठ असतं.

दुसऱ्या दिवशी बाई आली. मी बासी खात बसले होते, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, सोबत कांदा आणि टमाट्याची चटणी. दारातूनच म्हणाल्या, "शेवंताबाई, नाही म्हणताना मी फक्त गाईचा विचार केला हो. पुढे हात कोणाचा आहे ते बघितलंच नाही." मग माझ्या शेजारी मांडी घालून माझ्याच ताटातली बासी जेवल्या. तेव्हापासून ते पाणी मागणं सुरू झालं.

दूध का सोडलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. माहेरी गोठा होता. वासरू मेलं की गाय पान्हा सोडत नाही, म्हणून त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे धरायचे. ते धरायचं काम लहानपणी कुंदाताईंचं होतं. "ती चाटायची हो त्याला," एवढं बोलून त्या दुसरंच काही बोलायला लागल्या.

रविवारी तेलीबांध्याच्या तलावाकाठी प्राण्यांसाठी मांस, अंडी, दूध सगळं सोडलेल्या त्यांच्या गटाची पोरं तोंडाला मुखवटे लावून, हातात लॅपटॉप धरून उभी राहायची. लॅपटॉपवर कत्तलखान्याची चित्रं. फिरायला आलेली लेकरं रडायची. नंतर बाकावर बसून त्यांचे वाद चालायचे, आणि कुंदाताई मलाही घेऊन जायच्या. मी म्हणायची, "मी तर रविवारी मटण रांधते, मले कशाले नेता?" त्या म्हणायच्या, "म्हणूनच. आपण ज्यांच्याबद्दल बोलून राहिलो त्यातलं एक तरी माणूस समोर असलं पाहिजे."

गटाचा म्होरक्या तिशीतला इंजिनिअर होता. सगळे त्याला भैया म्हणत. पोरगा मनाचा खरा होता. पगारातले अर्धे पैसे जखमी जनावरांवर घालायचा. त्याला आमच्या पाऱ्यातल्या चिकनच्या दुकानासमोर उभं राहायचं होतं. कुंदाताई अडवायच्या. "लाजवलं की माणूस सोडत नाही रे, लपवतो. आणि उभंच राहायचं तर मिठाईवाल्याच्या दारात राहा. तिथे तुझेच काका-मामा भेटतील." पोरं हसायची. भैया म्हणायचा, "आंटी, सबसे एक साथ लड़ेंगे तो अकेले रह जाएंगे." मला त्याचंही पटायचं, खरं सांगते.

मग अंड्याचं प्रकरण आलं. मी पाऱ्यातल्या सरकारी शाळेत दुपारचं जेवण रांधते. आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं असायचं, आणि त्या दिवशी वर्ग भरलेले असायचे. एक पोट्टी पांढरं खाऊन पिवळं मुठीत धरून घरी न्यायची, धाकट्या भावासाठी. शहरातल्या काही शाकाहारी मंडळींनी निवेदन काढलं, शाळेतली अंडी बंद करा आणि त्याऐवजी दूध द्या. भैया म्हणाला, आपणही सामील होऊ.

कुंदाताई त्या दिवशी खूप भांडल्या. "ते दूध मागून राहिले. दूध! आपण त्यांच्या मागे कशाला?"

"पहले अंडा, फिर दूध. एक-एक सीढ़ी, आंटी."

"आणि पोरांनी मधल्या पायरीवर काय खायचं?"

एक मुलगी रडायला लागली, दोघं उठून चालले. गट फुटणार हे मलाही दिसत होतं, आणि तो गट कुंदाताईंनी आठ-दहा पोरांपासून उभा केला होता. त्यांनी कागद ओढला आणि सही केली. मी शेजारीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ऑटोत बसल्यावर म्हणाल्या, "फुटला असता हो सगळा." मी बाहेर बघत राहिले.

काही दिवसांत आमच्या शाळेतली अंडी थांबली. दूध काही आलं नाही. अंड्याच्या वारी पोरं वरण घेऊन झाल्यावर ताट परत पुढे करायची. "अंडा?" मी त्यांच्या छत्तीसगढीत म्हणायची, नाही आलं, "नइ आइस बेटा." नळावर बायका म्हणाल्या, "शेवंताबाई, तुमच्या ताईनं पोट्ट्यायच्या ताटातलं काढलं बरं." सही माझी नव्हती. पण या बाईला पाऱ्यात मी आणलं होतं, विहारात मी नेलं होतं. मला नळावर जायची लाज वाटू लागली. मी बायका पांगल्यावर पाणी भरायची.

शेवटी मी तेलीबांध्याला गेले. भांडायचं ठरवून गेले होते, पण त्यांना पाहून तोंडातून एवढंच निघालं, "ताई, त्या पोट्टीच्या मुठीत आता काही नसते."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. मग विचारलं, "पालकसभा केव्हा आहे?"

सभेत त्या उभ्या राहिल्या तेव्हा बायकांनी तोंडं फिरवली. त्या म्हणाल्या, "मी अंडं खात नाही. कोणी खाऊ नये असं मला आजही वाटतं. पण माझ्या ताटात डाळ आहे, भाजी आहे, काजू-शेंगदाणे आहेत. तुमच्या पोरांच्या ताटात काय आहे ते मला माहीत होतं, तरी मी सही केली. त्या सहीची मला लाज वाटते."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. रात्रपाळी करून तसाच आलेला एक बाप म्हणाला, "लाज वाटते त चांगलंच आहे, ताई. पण अंडं केव्हा येईल ते सांगा."

मग आमच्या पाऱ्यातल्या आयांसोबत त्या कचेरीचे उंबरे झिजवू लागल्या. आम्हाला कोणी उभं करत नसे. त्यांच्या हिंदीला आणि पांढऱ्या केसांना खुर्ची मिळायची, आणि त्या खुर्चीत बसायच्या नाहीत. भैयाचा फोन माझ्यासमोरच आला. "आंटी, आपने मुर्गियों को बेच दिया." कुंदाताई म्हणाल्या, "हो रे," आणि फोन ठेवला. गटातून त्यांचं नाव काढलं गेलं.

दिवाळीनंतर अंडी परत आली. त्या दिवशी त्या शाळेत हजर. मी म्हटलं, तुम्ही बाहेर बसा. "नाही. काम द्या." पहिलीच्या पोरांना अंडं नीट सोलता येत नाही, त्यांच्या रांगेत त्या जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी अंड्याला हात लावला नव्हता. पहिलं सोलताना मान वळवली होती. अर्धं पांढरं टरफलासोबतच निघालं. पोरानं उरलेलं तसंच तोंडात टाकलं आणि पुढच्यानं हात पुढे केला. एका पोरीनं विचारलं, "तैं नइ खास, दाई?" म्हणजे तू नाही खात का. "नहीं बेटा, तू खा."

नंतर नळाखाली किती तरी वेळ त्या हात धूत होत्या. मी म्हटलं, "कशाले केलं हे? मी सोलली असती."

"कोंबडीपुढे मला लाज वाटून राहिली, शेवंताबाई. पोरांपुढे तर वाटतच होती. दोन्हींतून सुटायची काही तरी वाट असेल, असं मी इतकी वर्षं समजत होते. तशी वाट नाही. कोणाच्या वाट्याची लाज आपण घरी न्यायची, तेवढंच ठरवता येतं."

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांच्या अंगणात एका बाजूला आमच्या पाऱ्यातल्या बाया उभ्या होत्या, दुसऱ्या बाजूला गटातली पोरं. भैया माझ्याजवळ आला. "आप स्कूल वाली आंटी हैं ना?" मी म्हटलं, "हव." त्याला पुढे काही बोलायचं होतं. पण तो माझ्या चपलांकडे पाहत उभा राहिला. त्याच्या गटातून ताईंचं नाव माझ्यापायी निघालं होतं, मलाही वर पाहता आलं नाही. बायकांनी हाक मारेपर्यंत आम्ही दोघं तसेच, मान खाली घालून उभे होतो.