कशेडीच्या वळणावर कवळाचा भारा

साताऱ्याहून निघताना यांनी दिरांची हिरवी जीप मागून आणली, तेव्हाच मी म्हटलं होतं, "अहो, आपली लहान गाडी काय वाईट आहे?" पण ऐकतील ते हे कसले! घाटात जायचं तर जीपच, असा हेका. अंगात खाकी शर्ट, डोक्यावर तसलीच टोपी. का, तर प्रवासात मळलेलं दिसत नाही. निवृत्त झाल्यापासून यांना रायगड बघायचा होता आणि मला यांच्याबरोबर कुठेतरी न भांडता जाऊन यायचं होतं. आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, तिथून महाड आणि उन्हं कलताना पाचाड, इथवर तरी माझी इच्छा पुरी झाली.

पाचाडला खानावळीतल्या वहिनींनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. मी नको नको म्हणत असताना आणखी एक भाकरी ताटात पडली. "खावा वो, उद्या गड चढायचा हाय," म्हणाल्या. आम्ही रोपवेने जाणार आहोत हे सांगायची मला लाजच वाटली.

गडावरून खाली पाहिलं तर शेतांमध्ये ठिकठिकाणी काळे चौकोन. आग लागली होती की काय? परत आल्यावर वहिनींना विचारलं. त्या हसल्या. "आग कसली, राब भाजलाय!" पावसाआधी भाताची रोपं जिथे करायची, तेवढ्या जागेवर कवळ (झाडांच्या तोडलेल्या पानाळ डहाळ्या), शेण आणि गवत पसरून जाळायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमाने येतं. हाच राब. कवळाचे भारे बहुतेक बायकाच डोक्यावरून आणतात. "आणि फारेष्टवाल्यांनी बघितलं तर वरडा खायचा," वहिनी म्हणाल्या. रानातली झाडं तोडायला वनखात्याची मनाई. मला या माहितीचं मोठं कौतुक वाटलं आणि मी ती लगेच विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी महाडला चवदार तळ्यावर हात जोडले आणि हमरस्त्याने पोलादपूरला आलो. चहाच्या टपरीवर मालकाशी यांच्या गप्पा रंगल्या. रस्ता रुंद झाला हे चांगलंच झालं की नाही, असं यांनी विचारलं, तर मालक कपबशी पुसता पुसता थांबले.

"रस्ता चांगला झाला, पण माझा मेव्हणा गेला ना साहेब. सायकलवरून येत होता. उडवला आणि गाडीवाला थांबलाच नाय. कितीतरी वेळ पडून होता रस्त्याच्या कडेला. डॉक्टर म्हणाले, लगेच आणला असता तर वाचला असता."

"सापडला का तो गाडीवाला?"

"कुठचा सापडतोय!"

जीपमध्ये बसल्यावर हे संतापून बोलायला लागले. असल्या माणसांना भर चौकात फोडून काढलं पाहिजे, माणुसकी म्हणून काही राहिलीच नाही, वगैरे. मीही मान डोलावली.

आता कशेडीला सगळे बोगद्याने जातात. यांना मात्र जुना घाट बघायचा होता, नोकरीत असताना या वाटेने खूप फिरले होते ना. रस्ता रिकामा, एका बाजूला डोंगर, दुसरीकडे उतार. "हे वळण बघ, इथे आमची गाडी एकदा..." असं हे सांगत होते आणि सांगताना माझ्याकडे बघत होते. पुढे कडेने हिरव्या पानांचा एक ढीगच्या ढीग चालला होता. त्याखाली फक्त लाल लुगडं आणि दोन पाय. मी ओरडेपर्यंत धाडकन आवाज झाला. माझ्या बाजूचा आरसा मिटला, काचेवर पानं उडाली. मी मागे वळून पाहिलं तर लाल लुगडं उताराच्या बाजूला पडताना दिसलं.

जीप थांबली नाही.

एक वळण गेलं, दुसरं गेलं. यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, थांबा ना!"

"कुणी पाहिलं का गं?"

"मी पाहिलं!"

"लोक जमतील, अगं. हाणतील मला. पेपरात वाचतो ना आपण? पुढे चौकी असेल, तिथे जाऊन सांगू."

"आणि तोवर ती मेली म्हणजे? आत्ताच तो चहावाला काय सांगत होता? गाडी वळवा. नाहीतर मला इथे उतरवा, मी चालत जाते."

यांनी जीप वळवली.

त्या जागी भारा फुटून पडला होता. शेजारी एक चप्पल, डोक्यावरची चुंबळ आणि एका दगडावर ओलं रक्त. बाई नाही! खाली गेली असणार. हे तर गुडघेदुखीचे माणूस, घरात स्टूलवर चढत नाहीत, पण धडपडत, घसरत उतार उतरायला लागले. "बाई! अहो बाई! कुठे आहात?" खाली झुडपं सळसळली. यांनी आणखी जोरात हाक मारली, तशी सळसळ आणखी लांब गेली. "लागलंय तिला, सरपटतेय बिचारी," म्हणून हे रडायलाच लागले. मी वरून देवाचा धावा करत होते. काय वाटेल ते होऊ दे, पण ती जगू दे.

तेवढ्यात रस्त्यावरच्या झाडामागून एक म्हातारी पुढे आली. तिचाही लहान भारा होता, तो तिने पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला.

"सायब, तिला धरू नका वो. सून हाय माझी. झाड नाय तोडलेलं, डहाळ्या हायत निसत्या. राबाला नको काय?"

एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिरवी जीप, खाकी शर्ट, खाकी टोपी!

"आजी, आम्ही फॉरेस्टचे नाही हो! आमच्या गाडीचा धक्का लागला तिला, म्हणून परत आलो."

"फारेष्टवाले नाय?"

"नाही हो, देवाशपथ!"

म्हातारीने खाली तोंड करून हाळी दिली, "गो सुभद्रे, ये गो वर! फारेष्टवाले नायत. निसते ठोकणारे हायत!"

झुडपातून सुभद्रा उभी राहिली. कोपर सोललेलं, मनगट सुजलेलं, केसांत काटक्या, पण धडधाकट. आम्ही फक्त तिला ठोकर मारणारे आहोत हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला आणि ती चक्क हसली. मी रस्त्यातच फतकल मारून बसले. हसत होते की रडत होते, माझं मला कळेना. आरसा भाऱ्याला लागला होता. ती नुसती झोक जाऊन पडली होती, आणि परतून येणारी जीप बघून पळाली होती.

हे तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "चुकलं हो माझं. थांबायला हवं होतं लगेच."

"ऱ्हाऊ दे, काका. भारा बांधू लागा आधी."

ती काही भारा सोडून दवाखान्यात येईना. शेवटी यांनी सगळा कवळ गोळा केला आणि दोघी सासवासुना ओरडतील तसा, तीनदा सोडून बांधून, जीपच्या टपावर चढवला. पोलादपूरला डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे मी पाणी प्यायले. मग दोघींना वाडीवर पोचवलं. म्हातारीने ताक दिलं आणि निघताना यांना बजावलं, "हा शर्ट घालून आमच्याकडं येऊ नको, बाबा. पोरी बिथरतात."

आंबेनळी चढायला लागलो. पेपरात 'चालक फरार' वाचलं, की मला कुणीतरी काळ्या काळजाचा माणूस दिसायचा. आणि दोन वळणांपुरता तो माझ्या शेजारीच बसला होता. माझाच नवरा. त्याला कमी साखरेचा चहा चालत नाही, तो नातीला शाळेत सोडतो. मला त्याचा राग होता आणि त्याहून जास्त, सगळं निभावलं म्हणून हायसं वाटत होतं.

साताऱ्याचे दिवे दिसले तेव्हा मी विचारलंच. "खरं सांगा. मी बरोबर नसते, तर वळवली असतीत जीप?"

यांनी जीप कडेला घेऊन बंद केली.

"काल विचारलं असतंस तर छातीठोक हो म्हटलं असतं," हे म्हणाले. "आज नाही सांगता येत."

संसारात यांनी मला पुष्कळ उत्तरं दिली, पण इतकं खरं दिलेलं मला आठवत नाही. मी यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी आहे बरोबर," मी म्हटलं. "चला घरी."