खडू नसलेली बोटं

त्याचं नाव मला घ्यायचं नाही. तो प्राध्यापक होता तेव्हा औरंगाबादला मी त्याचं एक व्याख्यान ऐकलं होतं. पोरांना मायबोलीत शिकू द्या, असं खणखणीत मराठीत बजावून त्यानं बोटांवरचा खडू झाडला. आम्ही हात लाल होईपर्यंत टाळ्या पिटल्या.

पुढे तो निजामाचा मंत्री झाला. जालन्याच्या डाकबंगल्यावर आला तेव्हा मराठी शाळेची परवानगी मागायला आमचं गाव गेलं. आता साहेब फक्त उर्दू बोलायचे, मध्ये दुभाषी.

पाटील म्हणाले, “सरकार, छप्पर आमचं आम्ही घालून राह्यलो. निस्ता हुकूम पाह्यजे.”

दुभाषी म्हणाला, “हुजूर, छप्पर के लिए पैसा माँगते.”

साहेबांची भुवई चढली. वर्गात चुकीचं उत्तर ऐकल्यावर मास्तरांची चढते, तशीच. मला वाटलं, आता दुभाष्याची चूक दुरुस्त करील.

“पैसा नहीं है,” तो म्हणाला आणि त्यानं कोरडी बोटं झाडली.

पाटील पुढं सरकले, तोवर चपराशानं दुसऱ्या गावाला हाक मारली.

बाहेर आल्यावर पाटील म्हणाले, “बिचाऱ्याला मराठी येत न्हाई वाटतं.”

“येते, पाटील,” मी म्हणालो. “तुमच्या-माझ्याहून चांगली येते.”