खोड सांगायची कुणी

भूमच्या बाजारात बैल घ्यायचा तर लोक आधी तात्यांना शोधायचे. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. जनावराचे दात बघायचे, पाठीवरून हात फिरवायचा, दहा पावलं चालवून घ्यायचं. एवढ्यात त्यांना सगळं कळायचं.

स्वतःचा बैल विकताना मात्र गिऱ्हाइकानं विचारायच्या आत खोड सांगून टाकायचे. "ह्यो डाव्या पायानं लंगडतो, बघून घ्या." सौदा मोडला की काकू चिडायच्या. तात्या म्हणायचे, "जनावर बिचारं काय सांगल? खोड धन्यानं सांगायची असती." आईबाप गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. माझ्या खोडी मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितल्या नाहीत.

पुढं काकू गेल्या, तात्यांचे गुडघे गेले. आंघोळीला धरून न्यावं लागे. पुण्यात माझ्या घरी त्यांना करमेना, आणि खरं बोलायचं तर आम्हालाही ते जड झाले होते. शेवटी सोलापूर रस्त्यावरचा एक वृद्धाश्रम बघायला नेलं. तिथं तीन विभाग होते. एक आपलं आपण करणाऱ्यांचा, दुसरा हाताला धरायला माणूस लागतो त्यांचा, तिसरा अंथरुणाला खिळलेल्यांचा. तिसऱ्याच्या दारातून तात्यांनी एकदाच आत पाहिलं. "हितं बसलेलं जनावर उठत न्हाय," एवढंच बोलले.

मग तिथल्या नर्सबाईंनी त्यांना चालून दाखवायला सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांची जनावरं चालवून बघणारा माणूस काठी माझ्या हातात देऊन दहा पावलं ताठ चालला. ओठ घट्ट दाबलेले, कपाळावर घाम.

"आंघोळीला कुणी लागतं का, आजोबा?"

"न्हाय."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "खरंच लागत नाही ना?"

मी म्हणालो, "नाही."

तात्यांचा मान राखला, असं मी नातेवाइकांना सांगत आलोय. थापा आहेत सगळ्या. दुसऱ्या विभागात महिनाभर खाट रिकामी होणार नव्हती आणि माझी रजा दुसऱ्या दिवशी संपत होती.

तात्यांना पहिल्या विभागात ठेवलं आणि पंधराव्या दिवशी ते न्हाणीत पडले. तिथं आंघोळीच्या वेळी जवळ कुणी थांबत नसे. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून परत आणून त्यांना तिसऱ्या विभागात ठेवलं. मी उशाशी जाऊन बसलो.  ते म्हणाले, "बापू, त्या बाईनं तुला इचारलं हुतं न्हवं?"

"व्हय, तात्या."

"मग?"

मी मान खाली घातली. तात्यांनी थोडी वाट पाहिली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. जीव जाईपर्यंत ते पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत.