हणमंतरावांची बोलकी दारं

हसा, हवं तर. मलाच हसू आवरत नाही. हणमंतरावांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, हा माणूस आळशी, आणि वर चिक्कू.

साल चौऱ्याण्णव. घरोघरी केबल आलेली, नाटकाला माणसं ओढून आणावी लागायची. मी तेव्हा आमच्या तेलुगू मुलखातल्या मराठी मंडळात नवीन, कपडेपट माझ्याकडे. मंडळातल्या केदारनं एक फार्स लिहिला होता: एक घर, तीन बिऱ्हाडं आणि टीव्ही एकच. नेपथ्य हणमंतरावांचं. सरकारी खात्यात नकाशे काढून रिटायर झालेले, गौलीगुड्यात राहायचे, तीस वर्षं मंडळाचे सेट तेच करत होते. नारायणगुड्याच्या हॉलमध्ये त्यांनी पाच दारं उभी केली. एक वाकडं, एक पोपटी, एक इतकं बुटकं की घरमालकानं रांगतच यावं. देखणी होती हो! पण उघडली की कोकलायची. पाचही.

"हणमंतराव, बिजागऱ्यांना थेंबभर तेल घाला की! का बेगम बाजारातलं संपलं?"

"राहू द्या, मालतीबाई. माणसं एवढी बोलतात, दारं बोलली तर कायकू परेशान?"

पण गप्प बसेन तर मी कसली! प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी खोबरेल तेलाची बाटली घेऊन गेले आणि पाचही दारांना न्हाऊ घातलं.

हणमंतराव आले. पहिलं दार उघडलं. आवाज नाही. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. मग त्या बुटक्या दाराच्या उंबऱ्यावरच बसले.

"तुम्ही केलंत?"

"हौ. थँक्यू नको, चहा पाजा."

ते हसले नाहीत. खाली बघतच बोलायला लागले. त्यांची बायको भामा. तीस वर्षं प्रत्येक प्रयोगाला दुसऱ्या रांगेत बसायची. दोन वर्षांपूर्वी साखरेनं तिचे डोळे गेले, आता किडन्याही जात होत्या. डोळे गेल्यावर एकदा आली होती, पुन्हा आली नाही. म्हणाली, "लोक हसले की मी शेजारणीला विचारायचं, काय झालं? ती सांगेपर्यंत दुसरा हशा."

"म्हणून दारं बोलकी केली," हणमंतराव म्हणाले. "दोन महिने एकेक बिजागरी घरी नेऊन तिला ऐकवली. खोकतं ते घरमालकाचं, शिटी मारतं ते भाडेकरूचं. कुठल्या दारातून कोण येणार, तिला सगळं पाठ आहे. पोपटी दारावर तेवढी भांडणं. ती म्हणते मांजर, मी म्हणतो शेळी. हे शेवटचंच नाटक आहे तिचं, मालतीबाई."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी पेचकस शोधायला उठले.

मग आम्ही दोघांनी बिजागऱ्या सोडवल्या, रॉकेलनं धुतल्या, उन्हात वाळवल्या. सारंगीच्या गजाला लावतात ती राळ त्यांच्या खिशातल्या डबीत होती, ती चिमटी चिमटीनं भरली. संध्याकाळपर्यंत चार दारं बोलली. पोपटी सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या दिवशी भामा आली. केवढीशी राहिली होती, शालीतच मावत होती. मी मुद्दाम तिच्या मागच्या खुर्चीवर बसले. दुसऱ्या अंकात भाडेकरू घरमालकाच्या नावानं शिव्या घालत उभा, आणि मागे ते बुटकं दार खोकलं. अजून कोणी दिसतही नव्हतं. अख्ख्या हॉलमध्ये एकटी भामा खदखदून हसली. शेजारची बाई दचकून विचारते, "अहो, काय झालं?"

भामा म्हणाली, "थांबा. आत्ता रांगत येईल."

विंगेच्या कडेला हणमंतराव उभे दिसत होते. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

संक्रांतीच्या आधीच भामा गेली. तेराव्यानंतर मी गौलीगुड्याला गेले. सेट मोडला तेव्हा पोपटी दार त्यांनी घरी आणून स्वयंपाकघराला बसवलं होतं. हणमंतराव खुर्चीत, समोर चहा निवलेला. सून सांगत होती, चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. मंडळ, केदारची नवी नोकरी. ते "हं"सुद्धा म्हणेनात.

शेवटी मी उठले, पोपटी दार ढकललं आणि म्हटलं, "भामाचंच खरं होतं. मांजर."

त्यांनी मान वर केली. "शेळी."

"मांजर, हणमंतराव. कान तपासून घ्या."

"तीस वर्षं सेट केलेत मी! तुम्ही दारांना खोबरेल लावणाऱ्या, तुम्हाला काय कळतं?" ते तरातरा उठले, दार पूर्ण उघडलं, सावकाश मिटलं, पुन्हा उघडलं.

गल्लीत शेजाऱ्यांची शेळी बांधलेली होती. तिनं ओ दिली.

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी, पण मान अशी ताठ!

"काय म्हणता?"

"बरं बाबा, शेळी."

"मोठ्यानं म्हणा," स्वयंपाकघरातल्या भामाच्या फोटोकडे बोट करून ते म्हणाले. "तिकडं ऐकू गेलं पाहिजे."

मी मोठ्यानं म्हटलं.