भाऊसोची बैठक

भाऊसोला जाऊन एकवीस दिवस झाले. मी अजून त्याच्याबद्दल कुणाशी नीट बोललेलो नाही.

तो जत तालुक्यातल्या एका कोरड्या गावचा धनगर. चाळीस मेंढरं, थोडी जिराईत जमीन, आई हरणाबाई, बायको रंगुबाई. मी उंब्रजचा. आमच्याकडे ऊस, वडील फौजेतून निवृत्त. आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. सांगलीत एम.ए. करताना मी धनगरी ओव्या गोळा करू लागलो आणि त्याच्या दारात पोचलो.

तो माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा. पहिल्या दिवशी मी अहो-जाहो करत होतो.

“आवं-जावं नगं गड्या,” तो म्हणाला. “मेंढरं बुजत्यात.”

तेव्हापासून तो मला यम्ये, म्हणजे एम.ए., म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे.

ओव्या त्याला बऱ्यापैकी यायच्या. पण त्याची खरी कला होती ती मेंढ्या कातरायची. पाय बांधलेली मेंढी मांडीशी घ्यायचा आणि कातर चालवायचा. लोकर एखादं पांघरूण काढावं तशी सलग उतरायची. कातडीवर ओरखडा नसायचा. आसपासच्या चार गावांतले लोक आपली मेंढरं हाकत त्याच्याकडे यायचे. कातरणी चालू असताना तो मेंढीशी बोलायचा, तिला शिव्या द्यायचा, तिच्या मालकाला त्याहून जास्त.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो शेळ्यांसाठी पाला तोडायला लिंबावर चढला. फांदी मोडली. खाली दगड होता. मिरजेला ऑपरेशन झालं, पण कमरेखालचं शरीर परत आलं नाही. चालणं गेलं. लघवीचा ताबा गेला. स्पर्शही गेला.

आठ महिने तो बाजेवर होता. रंगुबाई दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची. आरसा धरून पाठ, माकडहाड, टाचा बघायची. त्या आठ महिन्यांत त्याच्या अंगावर एक जखम झाली नाही. तपासणीला नेलं तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं होतं. शाळेत न गेलेल्या बाईनं हे केलं होतं.

भाऊसोचं मागणं एकच होतं.

“मला फकस्त बसाय येऊ दे. हात हायत की माझं. कातर काय पायानं चालत्या व्हय?”

मिरजेत संयोगिता मॅडम नावाच्या फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांनी टेपनं त्याची कंबर मोजली, मांडी मोजली. एका संस्थेकडून त्या मापाची चाकाची खुर्ची मिळवून दिली. पण साध्या स्पंजवर त्याला बसवू देईनात. त्याच्यासाठी हवेची गादी मागवली. काळं रबर, त्यावर उभे हवेचे गोळे, ओळीनं. ती तीन आठवड्यांनी आली. भाऊसो तोवर घरी गेला होता, म्हणून आणायला मी गेलो.

मॅडमनी मला अर्धा तास समोर बसवून ठेवलं.

“बसून बसून दुखलं की आपण हलतो. त्यांना दुखणारच नाही. आतलं मांस हाडाखाली दबून मरेल आणि त्यांना पत्ताही लागणार नाही. म्हणून दर अर्ध्या तासानं दोन्ही हातांवर अंग उचलायचं. आणि या गादीवर काही टाकायचं नाही. चादर नको, टॉवेल नको. माणूस या गोळ्यांत बुडाला पाहिजे. वर जाड काही आलं की गादी असून नसल्यासारखी. म्हणून दाखवा.”

मी म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही.

गावात पोचलो ती दिवाळीनंतरच्या कातरणीची वेळ होती. मी पंपानं गादी भरली. मी आणि रंगुबाईनं मिळून भाऊसोला खुर्चीत बसवलं. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी त्याच्याखाली हात घालून पाहिलं. बसायचं हाड आणि खुर्ची यांच्यात बोटभर जागा हवी होती.

“काय रं यम्ये, अंडी घातलीत का बघतूयस?”

रंगुबाई तोंडाला पदर लावून हसली. किती महिन्यांनी कोण जाणे.

अंग कसं उचलायचं ते मी सांगितलं. आरशाचं सांगितलं. तेवढ्यात हरणाबाई आतून घोंगडी घेऊन आल्या. नवी, काळी. भाऊसोनं कातरलेली लोकर, त्यांनी स्वतः काढलेलं सूत. चार पदरी घडी घातलेली.

“उचला रं त्याला,” त्या म्हणाल्या. “घोंगडी घातल्याबिगर आमी परक्या माणसाला बस म्हणत न्हाई. माजं ल्याक रबरावर बसंल व्हय?”

त्यांनी गादीवर घोंगडी अंथरली. भंडारा टाकला. बिरोबाचं नाव घेतलं. भाऊसोला परत बसवलं. पाहुण्याला द्यायची, देवाला द्यायची ती बैठक. त्याची मान ताठ झाली. लिंबावरून पडल्यापासून मी त्याला असा पाहिला नव्हता.

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्यालाही शंका असावी.

“चालंल न्हवं रं, यम्ये?”

मला माहीत होतं. मॅडमचं वाक्य माझ्या तोंडात होतं. पण ओव्या जमवायला निघताना आमच्या सरांनी सांगितलेलं मी गाठीला बांधलं होतं. लोकांच्या रीतीत ढवळाढवळ करायची नाही. बघायचं, ऐकायचं, टिपायचं. शिवाय मला ते दृश्य फार आवडलं होतं. काळ्या घोंगडीवर पिवळा भंडारा. मी खिशातून वहीसुद्धा काढली होती.

“चालेल की,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दोन पिपांवर फळी टाकून खुर्चीच्या उंचीचा कट्टा केला. रंगुबाई मेंढी वर चढवायची आणि पाय धरायची. भाऊसो कातरायचा. त्या दिवशी सहा झाल्या. मी दुपारच्या गाडीनं उंब्रजला निघालो, तेव्हा तो एका मेंढीच्या कानात सांगत होता, “हल जरा, मला न्हाई हलता येत, तुला काय झालंय?”

आठवड्यात बातमी पसरली. दुसऱ्या गावांची मेंढरं यायला लागली. तो सकाळी बसायचा तो ऊन उतरेपर्यंत. अर्ध्या तासानं आठवण करून द्यायचं काम रंगुबाईचं होतं, पण तिचे हात मेंढीच्या पायांत असायचे. “येवढी हुंदे,” तो म्हणायचा. मग पुढची यायची.

नवव्या दिवशी रंगुबाईचा फोन आला.

“भावजी, ढुंगणाला लाल झालंय. बोट लावलं तरी लाली जात न्हाई.”

“एक दिवस झोपवून ठेवा,” मी म्हणालो.

घोंगडी मला तेव्हा आठवली नाही. हे मी अनेकदा तपासून पाहिलं आहे. खरंच आठवली नाही.

तो झोपला नाही. जतवरून एकजण तीस मेंढरं घेऊन आला होता, त्याला परत कसं पाठवायचं? लाल होतं ते काळं झालं. काळं होतं ते फुटलं, आणि आत पोकळी निघाली, हाडापर्यंत. त्याला ताप आला तेव्हा कुठं मिरजेला आणलं. तिथं तो पालथा होता, उशीवर गाल टेकवून. मी खाली जमिनीवर बसायचो, म्हणजे आमचे डोळे एका पातळीत यायचे.

“एकशे चाळीस झाली यम्ये,” तो म्हणाला. “आनि एकीला बी कापलं न्हाई.”

संयोगिता मॅडम वॉर्डात आल्या. जखम पाहिली. बाहेर येऊन मला विचारलं, “गादीवर काय होतं?”

“घोंगडी.”

“तुम्ही सांगितलं नव्हतं?”

“नाही सांगितलं,” मी म्हणालो. त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. अकराव्या दिवशी तो गेला.

काल मी गावात गेलो. हरणाबाई दारात बसल्या होत्या. मला बघून त्यांनी माझा हात धरला. घरामागच्या उकिरड्याकडे बोट केलं. गादी तिथं पडली होती, विळ्यानं फाडलेली.

“त्या रबरानं खाल्लं माजं ल्याक,” त्या म्हणाल्या. “म्या घोंगडी घातली हुती म्हनून तेवढं तरी बसला.”

घोंगडीबद्दल मला जे बोलायचं होतं त्यासाठीच मी एवढा आलो होतो. बोललो असतो तर माझा दोष थोडा हलका झाला असता आणि त्यांच्या अंगावर गेला असता. मी चहा घेतला. उठलो.

रंगुबाई फाट्यापर्यंत सोडायला आली. एसटी लांबून दिसली तेव्हा थांबली.

“भावजी, आठ महिनं म्या त्यास्नी कायबी हुंदिलं न्हाई. ह्ये घोंगडीनं झालं न्हवं?”

“हो.”

“तवा तुमाला ठावं हुतं?”

“हो.”

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही.

“आत्तींस्नी सांगू नगा. त्या जगायच्या न्हाईत,” सासूबद्दल ती म्हणाली. एसटी समोर येऊन थांबली. “आनि तुमी परत येऊ नगा.”

मी चढलो. कंडक्टरनं कुठं जायचं ते दोनदा विचारलं.