टोटोतून येणारा आवाज

दुपारी भांडी घासत होते, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी टोटो वळली. निवडणूक आली की बंगालमधल्या आमच्या या बेहाला भागात या बॅटरीच्या रिक्षा भोंगा बांधून दिवसभर फिरतात. कोणती कोणाची, हे मी कधी कान देऊन ऐकत नाही. त्या दिवशी मात्र हात थांबले. भोंग्यातून माझी मुलगी बोलत होती.

मुलगी कॉलेजला गेली होती आणि तिचा आवाज खिडकीखालून सावकाश पुढे चालला होता. मोठ्या रस्त्यावर प्रचाराची भाषणं भरून देणारं एक दुकान आहे, तिथे ती जाते हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि असं कानावर पडणं वेगळं.

आमचं मूळ गाव सांगलीकडचं. तिकडची अर्धी माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामाला देशभर पांगली आहेत. आम्ही त्याला गलाई म्हणतो. हे त्याच कामाला इथे आले आणि लग्न झाल्यावर मीही आले. मुलगी इथेच जन्मली. आजूबाजूच्या मुली कविता म्हणायच्या क्लासला जात, म्हणून तिलाही घातली. आता ती मराठी अडखळत बोलते, पण बंगाली अशी की दुकानदार म्हणाला, इतकी स्वच्छ भाषा बंगाली मुलींच्या तोंडूनही ऐकायला मिळत नाही. हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. मला अजून भाजीवाल्याशी धड बोलता येत नाही. समजतं सगळं, पण तोंड उघडत नाही. ते गावीही उघडत नव्हतं.

ते पहिलं भाषण जोडणारं होतं. या गल्लीत जो राहतो तो या गल्लीचा, नळाचं पाणी कोणाला गाव विचारत नाही, मग माणसाने माणसाला का विचारावं, असं काहीसं. त्यात मासे विकणारे होते, ऑटोवाले होते, शिवणकाम करणाऱ्या बाया होत्या. खालचीने आणि मी जिन्यात उभं राहून ते ऐकलं. खालची म्हणजे आमच्याच घरमालकिणीकडे तळमजल्यावर भाड्याने राहणारी बिहारची बाई. तिचा नवरा ऑटो चालवतो. या शहरात मी जिच्याशी बोलते ती एवढीच. गच्चीवर आमच्या मिरच्या एकाच चादरीवर वाळतात. मी भाकरी थापताना ती हसते, तिच्या सत्तूला मी नाक मुरडते. दर उन्हाळ्यात ती नवऱ्या-पोरांसह गावी जाते, तेव्हा घराची किल्ली माझ्याकडे ठेवते. मी रोज खाली जाऊन तिच्या तुळशीला पाणी घालते.

ती म्हणाली, बिटियाचा आवाज किती गोड. पोरगी जणू तिचीच होती, अशा तोऱ्यात तिने समोरच्या घरातल्या बाईलाही सांगितलं.

काही दिवसांनी दुसरी टोटो आली. उमेदवार दुसरा, दुकान तेच, आवाजही तोच. हे भाषण छोटं होतं. बाहेरून आलेल्यांनी आमचं काम घेतलं, आमची घरं घेतली, आमची भाषा मोडली. आता त्यांनी आपल्या घरी जावं. मुलीने ते फार छान म्हटलं होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं क्लासमध्ये शिकवल्यासारखं.

संध्याकाळपर्यंत ते गल्लीतल्या पोरांना पाठ झालं. क्रिकेट खेळताना कोणी बाद झाला की बाकीचे ओरडायचे, बाहेरचा, घरी जा. आधीचं भाषण कोणालाच आठवत नव्हतं. मला वाटतं, जोडायचं म्हटलं की सगळ्यांना एकेक करून बोलवावं लागतं, त्यात वेळ जातो. तोडायला दोन वाक्यं पुरतात. कधी कधी दोन्ही टोटो गल्लीत समोरासमोर येत आणि दोन्हीकडून माझीच मुलगी बोलत असे.

दुसऱ्या दिवशी खालची जिन्यात भेटली. हसत म्हणाली, "दीदी, बिटिया ने तो हमको घर भेज दिया."

मीही हसले. काहीतरी बोलायला हवं होतं, पण मला सुचेपर्यंत ती खाली उतरली होती. त्यानंतर तिने आपल्या मिरच्या वेगळ्या चादरीवर घातल्या.

रात्री जेवताना मी विषय काढला. हे म्हणाले, आपण पोट भरायला आलोय, कोण काय बोलतं त्यात पडू नये. मुलगी ताटाकडे बघत म्हणाली, "आई, मी फक्त वाचते. मी नाही वाचलं तर दुसरी कोणी वाचणार. आणि ते आपल्याबद्दल नाही."

"मग कोणाबद्दल?"

तिने आमटी वाढून घेतली. म्हणाली, पहिलं भाषणही मीच वाचलं होतं ना, त्याचं कोणी काही म्हणालं नाही. तेही खरंच होतं.

त्याच आठवड्यात गावाहून माझ्या भावाचा फोन आला. तिकडे एका पुढाऱ्याने परप्रांतीयांना कसं झापलं, ते तो रंगवून सांगत होता. मी विचारलं, आम्हीही इथे परप्रांतीयच ना रे? तो म्हणाला, तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही कष्ट करून खाता. खालचीचा नवरा पहाटे ऑटो काढतो, ते माझ्या डोळ्यासमोर आलं. मी भावाला पावसापाण्याचं विचारून फोन ठेवला.

जोडणाऱ्या भाषणाचा उमेदवार एकदा पायी आला. माझ्या दारात त्याने हात जोडले, मला मासीमा, म्हणजे मावशी, म्हटलं, चांगला हसरा माणूस. खाली मात्र तो थांबला नाही. त्याच्या कार्यकर्त्याने खालचीच्या दाराकडे बोट करून सांगितलं, यांचं मत गावाकडे आहे. ती पदर सावरून उंबऱ्यात उभी होती. तो न थांबता पुढे गेलेला मला दिसला, तसा तिलाही दिसला.

या वेळी ती सुट्टी लागायच्या आधीच गावी निघाली. मी वरून बघत होते. पिशव्या रिक्षात ठेवल्या, पोरं बसली, नवऱ्याने कुलूप ओढून पाहिलं. मी हात पुसून जिन्यापर्यंत आले, कारण दर वर्षी ती याच वेळी वर येते. ती घरमालकिणीच्या दाराशी गेली आणि किल्ली तिच्या हातात दिली. मला बघून म्हणाली, "चलते हैं, दीदी." रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मला काही बोलता तरी आलं असतं.

तुळस दाराबाहेर ठेवलेली होती. तिला पाणी घालायला कोणाला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी पाणी घालत राहिले.

मतदान झालं, निकाल लागला, दोन दिवस ढोल वाजले. कोण जिंकलं ते इथे लिहीत नाही. जिंकलेल्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं की आता सगळे आपलेच. भोंगे उतरले. शाळा सुरू झाल्या तरी खालचं कुलूप तसंच होतं. घरमालकिणीला विचारायला मी दोनदा गेले आणि दारातून परत आले.

एका संध्याकाळी मुलगी कॉलेजातून आली, तेव्हा मी तुळशीपाशी होते. ती पायरीवर टेकली. तिने विचारलं, "ते लोक कधी येणार?"

"माहीत नाही. येणार की नाही, तेही माहीत नाही."

ती कुलपाकडे बघत होती. मी म्हटलं, तुझ्याकडे तिचा नंबर आहे, तू फोन कर. मला नाही असलं बोलता येत, तुला येतं.

तिने फोन काढला, नंबर शोधला आणि बोट तसंच धरून बसली. हातात वाचायला कागद नव्हता. "काय बोलू, आई?" तिने विचारलं.

मी तिच्याशेजारी बसले. शेवटी तिने नंबर लावला आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये धरला. तिकडे घंटी वाजत होती.